एवढ्यात कुठं निघालात

"भुवया एवढ्या कोरीव नव्हत्या त्याच्या," बदीर म्हणाला. "हा तर नवरदेव वाटतोय. आमचा लुत्फी मासेमारी करायचा, बाई."

डॉक्टर शाहीनाझनी संगणकावर काहीतरी दाबलं आणि पडद्यावरच्या भुवया जाड झाल्या. मग बदीरनं नाक बसकं करून घेतलं, गालाची हाडं वर घ्यायला लावली, पुढचा एक दात अर्धा तोडायला लावला. शिंप्याकडे गलाबियाच्या झग्याचं माप द्यावं तसं सगळं निवांत चाललं होतं. मग डॉक्टरांनी चेहऱ्याचा रंग जरा सावळा केला आणि बदीरनं खुर्ची मागं सरकवली. माझा हात त्याच्या मनगटावर होता. ते गार पडलं.

"बास," तो म्हणाला. "आला तो."

मी अलेक्झांड्रियाच्या मनोरुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डची मुख्य परिचारिका. इथं आम्हा बायकांना मिस म्हणतात आणि बाप्यांना मिस्टर, म्हणून मी मिस कौसर. पोरंबाळं झाली, केस पिकले, तरी मिस ती मिसच. रुग्णाला मध्येच काही झालं तर सांभाळायला म्हणून त्या संशोधनात मला बदीरशेजारी बसवलं होतं.

बदीर इझबत अल-बुर्गचा. नाईल जिथं समुद्राला मिळते तिथलं हे मासेमारांचं गाव. आम्ही नुसतं बुर्ग म्हणतो. एका वादळात भावांची होडी उलटली. रात्रभर दोघं एका फळीला धरून होते, आणि सकाळी फळीवर बदीर एकटा होता. लुत्फीचं प्रेत सापडलं नाही. पण लुत्फी गेलाही नाही. तेव्हापासून तो रोज बदीरच्या कानाशी बोलायचा. हात सोडलास, आता खाली ये, हेच. बदीर दोनदा अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात चालत गेला होता, आणि दुसऱ्यांदा किनाऱ्यावरच्या चहावाल्यानं त्याला गळपट्टी धरून ओढून काढलं होतं. गोळ्यांनी तो सुस्तावला, जाड झाला. आवाज मात्र रोडावला नाही. माझ्या वॉर्डातल्या समुद्राकडच्या खिडक्या मी त्याच्यापायी बंद ठेवायची आणि बाकीचे रुग्ण उकाड्यानं मला शिव्या घालायचे.

ज्यांचे आवाज गोळ्यांना दाद देत नाहीत अशांसाठीच ते संशोधन होतं. निम्म्या लोकांना नेहमीसारखं बोलून समजवायचं आणि निम्म्यांना ही नवी तऱ्हा. कोण कुठं जाणार ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. नवी तऱ्हा अशी, की रुग्णाकडून त्या आवाजाचा चेहरा बनवून घ्यायचा, आणि शेजारच्या खोलीत बसून डॉक्टरांनी त्या चेहऱ्याच्या तोंडून बोलायचं. आधी तो आवाज जसं बोलतो तसंच, अगदी लागेल असं. रुग्णानं त्याला उलट उत्तर द्यायला शिकायचं. मग चेहऱ्यानं हळूहळू नमतं घ्यायचं आणि शेवटच्या बैठकीत निरोप घेऊन जायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, ह्या बाई परदेशात शिकून आल्या त्या डोकं तिथंच विसरून. पण तिकडे बऱ्याच जणांना गुण आला होता. काहींना आला नव्हता, तेही त्यांनी लपवलं नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पडद्यावरचा लुत्फी तोंड उघडून बोलला आणि घाबरायचं सोडून बदीरला हसू फुटलं.

"ह्यो कैरोच्या रेडिओवर कधी लागला?" त्यानं मला विचारलं.

यंत्र आवाज जाड करत होतं, पुरुषी करत होतं, पण जीभ डॉक्टरांचीच होती, कैरोच्या चांगल्या घरातली. बुर्गचा मासेमार तसं बोलला असता तर होडीवरच्या लोकांनी त्याला समुद्रात ढकलला असता. डॉक्टरांना बुर्गची जीभ हवी होती आणि ती आमच्याकडे एकच होती, मिस्टर शहाताची.

शहाता पलीकडच्या इमारतीत, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. त्याचं सगळं आयुष्य लोकांच्या दाढ्या करण्यात, नखं कापण्यात आणि त्यांना हसवत हसवत गोळ्या गिळायला लावण्यात गेलं. बढतीच्या वेळी त्याचं नाव कुणाला आठवायचं नाही आणि कुणी आजारी पडलं की पहिलं आठवायचं. नावही त्याचं असं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं ह्याच्या वेळी सात घरांतून जुने कपडे मागून आणले आणि नाव ठेवलं शहाता, म्हणजे भिकेत मिळालेला. बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही. तेव्हा शहाता इतका लहान होता की त्याला बापाची फक्त पाठ आठवायची. आई त्याला घेऊन अलेक्झांड्रियाला आली, पण घरात तिनं बुर्गची बोली सोडली नाही, म्हणून ती ह्याच्या तोंडात राहिली.

डॉक्टरांनी त्याला बरेच आठवडे शिकवलं. त्या सांगतील तेवढंच आणि सांगतील तेव्हाच बोलायचं. बदीरसमोर बाहेर कधी तोंड उघडायचं नाही. आणि पाण्यात त्या रात्री काय झालं ह्याबद्दल एक शब्दही स्वतःचा घालायचा नाही. मीच हात सोडला, असं लुत्फीच्या तोंडून म्हटलं तर बिचारा सुटेल, असं शहातानं सुचवून बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, आपण तिथं नव्हतो, खोटी साक्ष द्यायची नाही. मला त्या दिवशी ती बाई आवडली.

पुढच्या बैठकीला पडद्यावरचे ओठ हलले.

"ए बदीर. हात सोडलास न्हवं रं? चल, ये आता खाली."

आवाज अगदी शांत होता, जेवायला हाक मारावी तसा. बदीरच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या आणि त्यानं माझा हात इतका आवळला की अंगठीचा वळ उठला. आपण बोलून बदीरला वाचवू असं मला वाटत नव्हतं. उलट आपण एका माणसाला त्याच्या भुताच्या हवाली करतोय असं वाटत होतं. पण ते भूत निदान आता त्याच्या कानातून निघून समोर आलं होतं, आणि समोरच्याशी भांडता येतं.

बैठक संपल्यावर मी शेजारच्या खोलीत गेले. डॉक्टर काहीतरी लिहीत होत्या. शहाता कानावरचे हेडफोन न काढता बसला होता, चेहरा पांढराफटक.

"अहो मिस्टर शहाता, एवढी वर्षं कुठं लपवलं होतंत हे?" मी म्हटलं.

"मिस, तो आवाज माझा नाही," तो म्हणाला. "माझ्या बापाचा आहे."

त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. बापाचा आवाज कसा होता ते त्याला कधीच आठवत नव्हतं. पण तो बोलला, यंत्रानं ते जाड केलं, आणि हेडफोनमधून परत कानात आलं तेव्हा त्यानं ओळखलं. बाप असंच 'ए' म्हणायचा, अर्धवट, दारातूनच.

मग दर आठवड्याला ते चालू झालं. बदीर आधी नुसता रडायचा. मग एके दिवशी चिडला. मग एकदा म्हणाला, "लुत्फी, मी जाळं विणतोय, मागनं बोल." आणि पडद्यावरचा लुत्फी चक्क गप्प बसला. त्या दिवशी बदीरनं वॉर्डात जेवताना फूलची, आमच्या पावट्याच्या उसळीची, दुसरी वाटी मागितली आणि मला गंमत म्हणून सांगितलं की माझी परिचारिकेची टोपी पालथ्या होडीसारखी दिसते. मला इतका आनंद झाला की मी त्याला रागावलेही नाही.

शहाताचं मात्र उलटं चाललं होतं. बैठकीच्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून यायचा आणि वेळेच्या कितीतरी आधी त्या खोलीत जाऊन बसायचा. पूर्वी ट्रामच्या थांब्यापर्यंत त्याची बडबड थांबायची नाही, आता विचारल्याशिवाय बोलेना. डॉक्टरांनी त्याला दोनदा विचारलं, त्रास होतोय का, दुसरं कुणी बघू का. तो इतक्या घाईनं नाही म्हणाला की मला त्याची काळजी वाटायला लागली.

निरोपाची बैठक आली. ठरलं होतं ते सोपं होतं. लुत्फीनं म्हणायचं की आता मी जातो, तुला त्रास देणार नाही, आणि पडदा काळा व्हायचा. शहातानं ते सगळं नीट म्हटलं. पण बुर्गच्या माणसाला असं ताडकन उठून जाता येतं होय? त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "येऊ का मग, बदीर? परवानगी आसावी."

आणि बदीर, डोळे पुसत, मान हलवत म्हणाला, "एवढ्यात कुठं? बस की. लई येळ हाय अजून."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे पाहुणा उठला की हे म्हणायचंच असतं. भांडायला आलेली शेजारीण उठली तरी आम्ही तिला एवढ्यात कुठं म्हणतो. ते कुणी मनापासून म्हणत नाही आणि म्हटल्याशिवायही राहत नाही. पलीकडे शहाताचीही पंचाईत झाली. यजमानानं बस म्हटल्यावर पाहुणा काय करतो? बसतो जरा वेळ. पडदा काळा झालाच नाही. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, आणि शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

तो आठवडा वाईट गेला. लुत्फी बदीरच्या कानात परत आला होता आणि आता तो हक्कानं आला होता. तूच म्हणालास ना बस, असं म्हणायचा म्हणे. बदीरनं जेवण टाकलं. एका दुपारी त्यानं मला अगदी सभ्यपणे विचारलं, मिस, समुद्राकडची एक खिडकी उघडता का. मी उघडली नाही. पण त्यानं ज्या आवाजात विचारलं त्यानं माझी पाचावर धारण बसली, आणि मी त्याची खाट माझ्या टेबलासमोर आणून ठेवली.

संशोधनाच्या नियमाप्रमाणे निरोप फसला तर म्हणून राखून ठेवलेली एकच जादा बैठक उरली होती. आम्ही तिघं शेजारच्या खोलीत बसलो. डॉक्टरांनी शहाताला बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, मी असते तरी माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. मग त्यांनी विचारलं की बुर्गमध्ये पाहुण्याला अपमान न करता जाऊ कसं देतात. शहाता म्हणाला, देतच नाहीत. मी वैतागून म्हटलं, "दुखवट्याच्या मांडवातून तेवढा माणूस सुखानं उठून जातो. तिथं कुणी बस म्हणत नाही."

मी ते विनोदानं बोलले होते. पण हसलं कुणीच नाही.

डॉक्टरांनी बदीरला बोलावून सरळ विचारलं, लुत्फीचा दुखवटा कधी झाला होता का. त्यानं नकारार्थी मान हलवली. आईनं होऊ दिला नाही. मयत बघितल्याशिवाय दुखवटा कसला, म्हणाली. लुत्फीच्या चपला तिनं मरेपर्यंत दारात ठेवल्या आणि रोज झाडताना उचलून परत तिथंच ठेवायची. मांडव नाही, कुराणपठण नाही, कुणी आलं नाही की कुणी गेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, मनात असेल तर आपण इथं करू, नसेल तर नको. बदीर बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला.

"दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची पायजे," तो शेवटी म्हणाला. "आन् मी बसणार न्हाई. घरचा माणूस दारात उभा ऱ्हातो."

कॉफी मीच केली. बदीर धुतलेली गलाबिया घालून आला, दाढी केलेली, डोक्याला टोपी. खोलीत तो दाराशी उभा राहिला आणि मी भिंतीकडे, बायकांच्या बाजूला. दोन छोटे कप होते. एक त्यानं हातात घेतला, दुसरा पडद्यासमोर ठेवला. लुत्फी आला, बसक्या नाकाचा, अर्ध्या दाताचा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मांडवात तसंच असतं.

मग बदीर म्हणाला, "लुत्फी, मी सोडला हात. लई दुखत हुता रं. मला वाटलं जरा बदलून धरू."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, बायकोला नाही. ह्याला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं नव्हतं. आता शहातानं चांगुलपणानं काही भलतंच बोलू नये, एवढंच मी मनात म्हणत होते.

"ठावं हाय मला," लुत्फी म्हणाला. "पाणी गार हुतं."

बदीरनं डोळे मिटून मान हलवली. कॉफी एका घोटात प्यायला. आणि मग पडद्यावरून त्या आवाजात, हळू, ते आलं जे मांडवातून उठताना प्रत्येक जण म्हणतो. "ऱ्हाणारा एक देवच, बदीर."

बदीरचे ओठ हलले. 'एवढ्यात कुठं' त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. त्यानं कप खाली ठेवला, उजवा हात छातीवर ठेवला आणि दारातून बाजूला सरकून वाट दिली.

"खरं हाय," तो म्हणाला, आणि मग मांडवात घरच्यानं म्हणायचं तेच. "तुमची पायपीट देवाच्या दारी रुजू होवो."

पडदा काळा झाला. बदीर तिथंच उभा राहिला, बाकीची माणसं जायची असावीत तसा. मग मला म्हणाला, "मिस, जरा खिडकी उघडा, कॉफीचा वास कोंडलाय." मी विचार न करता समुद्राकडची उघडली. त्यानं पाण्याकडे बघितलं, आणि मग म्हणाला की वारा पश्चिमेचा आहे, आज जाळी लवकर वाळतील. मी तिथंच रडले. लपवलं नाही.

शेजारच्या खोलीत शहाता हेडफोन काढून तोंड धूत होता. "गेला, मिस," तो म्हणाला. मला वाटलं तो लुत्फीबद्दल बोलतोय.

बदीर घरी गेला. महिन्यातून एकदा गोळ्यांना येतो. त्या त्यानं सोडलेल्या नाहीत. आता कानात कधीमधी होडीची फळी कुरकुरते तेवढंच, म्हणतो. डॉक्टरांनी कैरोच्या परिषदेत आपलं संशोधन मांडलं त्याचं चित्र मला दाखवलं. खाली उतरत गेलेले पुष्कळ ठिपके आणि काही न उतरलेले. त्यातला बदीर कुठला, मी विचारलं. नावं लावत नाहीत, त्या म्हणाल्या.

शहाता बदीरसमोर अजून बोलत नाही. बदीर बाकावर दिसला की हात छातीवर ठेवतो, मान लववतो आणि पुढं जातो. एकदा बदीरनं मला हळूच विचारलं, "हे मिस्टर जन्मापासनं मुके हायत का हो?" मी नुसती मान डोलावली. पुढच्या वेळी तो त्या मुक्या माणसासाठी खारवलेली बोई मासळी घेऊन आला, कागदात बांधून. शहातानं ती दोन्ही हातांनी घेतली.

मग एके दुपारी ते यंत्र परत कैरोला न्यायला माणसं येणार होती. मी खोली उघडायला गेले तर ती आधीच उघडी होती. शहाता पडद्यासमोर बसला होता, कानावर हेडफोन, तोंडाशी मायक्रोफोन. दाढी केलेली, सदरा धुतलेला. तो काहीतरी पुटपुटत होता, थांबत होता, परत पुटपुटत होता. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. तो नुसतं 'ए' म्हणत होता. प्रत्येक वेळी जरा वेगळं.

"यंत्र चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे," तो म्हणाला. "जाडही करतंय. पण मीच ऐकू येतोय, मिस. त्या दिवसापासनं मीच." त्यानं मायक्रोफोन खाली ठेवला. "बदीरचं बरं झालं. त्याच्या भावाला मी घालवलं. पण तो काय एकटा गेला नाही."

आयुष्यभर मी लोकांचे आवाज जावेत म्हणून गोळ्या मोजून दिल्या. आवाज राहावा म्हणून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यानं हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, यंत्र बंद केलं आणि उठला. सदऱ्याचं बटण लावलं. खाली गाडीचा आवाज आला, ती माणसं आली असणार.

"येऊ का, मिस? परवानगी असावी," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, पडद्याकडे बघून.

"एवढ्यात कुठं?" माझ्या तोंडून सवयीनं निघालं. "बसा की. अजून वेळ आहे."

शहातानं माझ्याकडे बघितलं. मग हात मांडीवर ठेवून तो परत खुर्चीत बसला.